बॉट्युलिझमचा रुग्ण उठतो, पण वेळ लागतो



गेल्या महिन्यात आमच्या गटांच्या बैठकीत लोणची-मसाल्यांचा विषय निघाला होता. बाटल्या कशा धुवायच्या, झाकण किती घट्ट लावायचं, लेबलवर काय लिहायचं, असं बोलणं चाललं होतं. प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या एका ताईनं सांगितलं, की हवाबंद डब्यातल्या अन्नात कधी कधी एक विष तयार होतं. ते पोटात गेलं तर माणूस लुळा पडतो. त्या आजाराला बॉट्युलिझम म्हणतात. सगळ्या गप्प झाल्या. मग मागं बसलेल्या एका आजींनी विचारलं, "लुळा पडतो म्हणतेस, पण पुढं काय? तो परत उठतो का?"

त्या दिवशी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. मग आम्ही वाचलं, डॉक्टरांना विचारलं. आजच्या भाषणात आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर सांगणार आहोत.

उत्तर आधी सांगून टाकतो. बहुतेक माणसं उठतात. साठ-सत्तर वर्षांपूर्वी या आजाराच्या शंभर रुग्णांमधले निम्म्याच्या आसपास दगावत. आज जिथं उपचाराची चांगली सोय आहे, तिथं शंभरात पाचापेक्षाही कमी दगावतात. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. रुग्ण वेळेत मोठ्या दवाखान्यात पोचला पाहिजे, आणि घरच्यांनी मध्येच धीर सोडता कामा नये. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची का आहे, ते कळायला हा आजार शरीरात काय करतो हे आधी समजून घेऊ.

हा आजार क्वचित होतो, हेही लक्षात ठेवा. ऐकून घाबरून जाऊ नका. पण एकाच डब्यातलं पाचजणांनी खाल्लं तर पाचही जण एकदम आजारी पडू शकतात. म्हणून खाद्यपदार्थ करणाऱ्या गटांना हे माहीत असायलाच हवं.

या जंतूचं नाव क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम. तो मातीत असतो. भाजीला, कंदाला, मुळाला माती लागलेली असते, तिच्याबरोबर त्याची बीजं घरात येतात. ही बीजं इतकी चिवट असतात, की साध्या उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. उघड्यावर ती काही करत नाहीत. पण जिथं हवा नाही, आंबटपणा नाही, मीठ कमी आहे, ओलावा आणि ऊब आहे, अशी जागा मिळाली की ती जागी होतात, वाढतात आणि विष सोडतात.

हे विष नसांवर काम करतं. विहिरीवरची मोटार डोळ्यांपुढं आणा. मोटार चांगली आहे, वायर चांगली आहे, वीजही आहे. पण वायर मोटारीला जिथं जोडली, तिथलाच जोड बंद पडला तर मोटार फिरत नाही. तसंच इथं होतं. मेंदू चांगला असतो, स्नायू चांगले असतात. पण नस जिथं स्नायूला मिळते, तिथला निरोप हे विष बंद करतं. डोकं म्हणतं हात उचल, आणि हात उचलत नाही.

लक्षणं बहुतेक वेळा खाल्ल्यापासून १२ ते ३६ तासांत दिसतात. कधी काही तासांत, तर कधी काही दिवसांनीही. सुरुवात डोळ्यांपासून होते. एकाचे दोन दिसतात, पापण्या जड होऊन खाली येतात. तोंड कोरडं पडतं, जीभ जड होते, बोलणं अडखळतं, घास गिळवत नाही. मग अशक्तपणा खाली उतरतो. मान, खांदे, हात, छाती, शेवटी पाय. छातीचे स्नायू थकले की श्वास घेता येत नाही. जीव जातो तो बहुधा इथंच.

बहुतेकांना ताप नसतो. शुद्ध जात नाही. स्पर्श कळतो. म्हणून बघणाऱ्याला वाटतं, हा दारू प्यालाय, किंवा हिला काहीतरी बाधलंय. आपल्याकडे आणखी एक फसगत होऊ शकते. रात्री झोपेत मण्यार चावली तरी अशाच पापण्या पडतात, जीभ जड होते. मण्यारीचा दंश पुष्कळदा दिसतही नाही. दोन्हींत करायचं मात्र एकच. अंगारा-उतारा करत न बसता १०८ ला फोन लावायचा. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात जीबीएस नावाच्या आजाराचे बरेच रुग्ण निघाले, ते तुम्ही ऐकलं असेल. तो आजार बहुधा पायांकडून वर चढतो. बॉट्युलिझम डोळ्यांकडून खाली उतरतो. नेमका कोणता आजार, ते डॉक्टर ठरवतील. आपण त्यांना दोन गोष्टी न विचारता सांगायच्या: सुरुवात कुठून झाली, आणि गेल्या काही दिवसांत बंद डब्यातलं किंवा बाटलीतलं काय खाल्लं. अन्न उरलं असेल तर फेकू नका. डब्यासकट पिशवीत बांधून बरोबर न्या. त्याच अन्नातलं आणखी कोणी खाल्लं असेल तर त्यांनाही दाखवा.

आता उपचार. या विषावर प्रतिविषाचं औषध आहे. सापाच्या विषावर जसं इंजेक्शन असतं, त्याच जातीचं. ते प्रत्येक दवाखान्यात ठेवलेलं नसतं, मागवावं लागतं. हे औषध रक्तात फिरणारं विष निकामी करतं. पण जे विष आधीच नसांच्या टोकांत शिरलं, ते बाहेर काढता येत नाही. म्हणजे आजार जिथं पोचलाय तिथं औषध त्याला थांबवतं, मागं फिरवत नाही.

मैत्रिणींनो, घरच्यांचा धीर सुटतो तो इथंच. एवढं महाग औषध दिलं, तरी माणूस डोळा उघडत नाही, हात हलवत नाही. दोन दिवस जातात, आठवडा जातो. नातेवाईक म्हणायला लागतात, आता काही उरलं नाही, घरी घेऊन चला. तेव्हा हे आठवायचं, की औषध वाया गेलेलं नाही. त्यानं त्याचं काम केलं. पुढचं काम शरीराचं आहे. श्वासाचं यंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, तोवर छातीचं काम करत असतं. यंत्रावर ठेवलं म्हणजे आशा संपली, असं या आजारात नसतं. इथं यंत्र म्हणजे नदी ओलांडेपर्यंतची नाव आहे. मध्येच उतरलं तर बुडायचं.

थायलंड देशातली एक खरी घटना सांगतो. तिथं नान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. २००६ च्या मार्च महिन्यात तिथल्या एका गावात धार्मिक उत्सव होता. जेवणात बांबूचे कोवळे कोंब होते, आपल्याकडे विदर्भात ज्यांना वास्ते म्हणतात तेच. घरगुती पद्धतीनं उकडून डब्यात बंद करून ठेवलेले. त्यातून २०९ माणसं आजारी पडली. १३४ जणांना दवाखान्यात ठेवावं लागलं, ४२ जणांना श्वासाच्या यंत्रावर. एका गावाकडं एवढी यंत्रं कुठून असणार? बरेच रुग्ण दूरच्या मोठ्या रुग्णालयांत हलवावे लागले. प्रतिविषही देशात पुरेसं नव्हतं. अमेरिका, ब्रिटन, जपान अशा देशांतून ते विमानानं मागवलं. आणि २०९ पैकी एकही माणूस दगावला नाही.

याच नान प्रांतात १९९८ साली अशाच कोंबांमुळे १३ जणांना बॉट्युलिझम झाला होता. त्यातले दोघे गेले होते. नंतरच्या वेळी आजारी कितीतरी जास्त होते, तरी सगळे वाचले. यंत्र मिळालं, मोठा दवाखाना मिळाला, म्हणून वाचले.

आपल्या शेजारी गुजरातमध्येही अशी घटना घडली आहे. १९९६ च्या सप्टेंबरात एका निवासी शाळेतले ३४ विद्यार्थी आजारी पडले, तिघं दगावली. संशय होता शेवेवर. तपासणीत याच जातीचं विष सोडणारा, या जंतूचा भाऊबंद म्हणावा असा जंतू सापडला. तेव्हा हा आजार परदेशातला, आपल्याला त्याचं काय, असं म्हणता येत नाही.

बरं, मग माणूस उठतो कसा? तो बंद पडलेला जोड लगेच दुरुस्त होत नाही. नसेला शेजारून नवे कोंब फुटतात, ते स्नायूपर्यंत पोचतात आणि तात्पुरतं काम चालवतात. पुढं हळूहळू जुना जोडही कामाला लागतो. छाटलेल्या झाडाला पालवी फुटायला जसा वेळ लागतो, तसा याला लागतो. शहरात सुरकुत्या जाण्यासाठी बोटॉक्सचं इंजेक्शन देतात ना, ते याच विषाचं अगदी नगण्य प्रमाण असतं. त्याचा परिणाम तीन-चार महिन्यांत उतरतो. तो उतरतो याचं कारणही हेच. नसा पुन्हा जुळतात.

आजारी माणसाचा रस्ता साधारण असा असतो. पहिले काही दिवस अशक्तपणा वाढत जातो. मग तो एका जागी थांबतो. हा थांबलेला काळ घरच्यांना सगळ्यात कठीण जातो, कारण रोज सकाळी विचारलं तरी उत्तर एकच मिळतं, "आहे तसंच आहे." मग हळूहळू सुधारणा दिसू लागते. काहींचं यंत्र काही आठवड्यांत निघतं, काहींना काही महिने लागतात. यंत्र निघाल्यावरही अंगात ताकद यायला महिने जातात, कधी वर्षही. ज्याला कमी विष लागलं, त्याला यंत्राची गरजही पडत नाही. तो लवकर घरी येतो.

या सगळ्या काळात एक विसरू नका. रुग्णाचे डोळे मिटलेले असले, बोलता येत नसलं, तरी त्याला ऐकू येतं आणि कळतं. झोपेचं औषध दिलं नसेल तर तो जागाच असतो. त्याच्या उशाशी बसून "आता काही खरं नाही" म्हणू नका, खर्चाचा हिशेब मांडू नका. त्याच्याशी बोला. आज कोण आलं होतं, म्हैस व्याली का, पोरांची परीक्षा कशी झाली, ते सांगा. बोट हलत असेल तर एकदा हलवलं की हो, दोनदा हलवलं की नाही, अशी खूण ठरवा. भीती कमी करायला याची मोठी मदत होते.

घरी आल्यावरची काळजी दवाखान्यातून सुटतानाच विचारून घ्या. गिळणं पूर्ण सुधारलेलं नसेल तर पाण्यासारखं पातळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. म्हणून काय भरवायचं, किती घट्ट करायचं, हे डॉक्टर सांगतील तसंच करा. भरवताना माणूस ताठ बसलेला असावा. झोपवून चमच्यानं पाणी घालू नका. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलत राहा. बद्धकोष्ठ होतं, त्याकडं लक्ष द्या. व्यायाम शिकवला असेल तर थोडा थोडा, दमण्याआधी थांबून. कोणत्याही दुखण्यासाठी मनानं गोळ्या आणून देऊ नका. काही अँटिबायोटिक औषधांनी हा अशक्तपणा वाढतो. नव्या डॉक्टरांकडं गेलात तर या आजाराचा कागद दाखवा. श्वास लागला, गिळताना पुन्हा ठसका लागू लागला, तर थांबू नका, दवाखाना गाठा.

थकवा मात्र बराच काळ राहतो. जॉर्जिया देशात घरी बाटल्यांत भाज्या भरून ठेवण्याची पद्धत आहे, त्यामुळे तिथं हा आजार बराच होतो. तिथं दोनशेहून अधिक जुन्या रुग्णांना काही वर्षांनी जाऊन विचारलं. पुष्कळांनी सांगितलं, की अजून दमायला होतं, तोंड कोरडं पडतं, जड उचलवत नाही. हे बायकांच्या बाबतीत जास्त सोसावं लागतं. दवाखान्यातून आलेली बाई चालायला लागली की घर म्हणतं, झाली बरी, आता पाणी भर, भाकऱ्या टाक. ती बसली की आळशी ठरते. सासूबाई, जाऊबाई, नणंदबाई, सगळ्यांनी हे ऐकावं. ती नाटक करत नाही, तिच्या नसा अजून जुळत आहेत.

गटानं काय करायचं, तेही सांगतो. अशा घरी महिनोन् महिने एक माणूस दवाखान्यात अडकलेला असतो. आळीपाळीनं डबा पोचवता येतो. पोरांना शाळेत सोडता येतं. हप्ता पुढं ढकलायचा ठराव बैठकीत करता येतो. दवाखान्यात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र असेल तर पहिल्याच दिवशी त्याला गाठून, यातला काय खर्च योजनेत बसतो ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घरून निघतानाच पिशवीत टाका. पैशाच्या भीतीनं माणूस यंत्रावरून उतरवला जाऊ नये, एवढ्यासाठी ही धावपळ. आणि हा आजार माणसाकडून माणसाला शिंकण्या-खोकण्यानं किंवा शिवल्यानं लागत नाही. त्या घरात जायला घाबरू नका.

आता तान्ह्या बाळांचं. त्यांचा बॉट्युलिझम थोडा वेगळा असतो. मोठ्या माणसाच्या पोटात ही बीजं गेली तरी सहसा काही होत नाही. पण वर्षाच्या आतल्या बाळाचं आतडं कच्चं असतं. बीजं तिथंच रुजतात आणि पोटातच विष तयार होतं. मधात ही बीजं असू शकतात. आपल्याकडे बाळ जन्मलं की मधाचं बोट चाटवतात, गुटी मधात उगाळतात. मध घरच्या पोळ्याचा असो की दुकानातला, उकळलेला असो की कच्चा, बारा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचा नाही. आजी रागावल्या तरी नाही. आजींना प्रेमानं सांगा, की वर्षाचा झाला की तुमच्याच हातानं चाटवा.

बाळाला आधी बद्धकोष्ठ होतं. मग ते नीट ओढत नाही, रडणं बारीक होतं, पापण्या पडतात, मान धरणारं बाळ मान टाकतं, उचललं की कापडासारखं लोंबतं. तेव्हा दृष्ट काढत बसू नका, लगेच दवाखान्यात न्या. दवाखान्यात वेळेत पोचलेली जवळजवळ सगळी बाळं बरी होतात. अमेरिकेत २००३ पासून बाळांसाठी खास प्रतिविष आहे. त्यामुळे तिथल्या बाळांचं दवाखान्यातलं राहणं सरासरी साडेपाच आठवड्यांवरून अडीच आठवड्यांवर आलं. आईचं दूध बंद करायचं नाही. ओढता येत नसेल तर काढून नळीनं देतात. बरं झालेल्या बाळाच्या शीतून काही आठवडे, काही महिने जंतू पडत राहतात, म्हणून दुपटी बदलल्यावर साबणानं हात धुवायचे.

शेवटी आपल्या बाटल्यांकडं येऊ. भरपूर मिठाचं आणि आंबट लोणचं या जंतूला मानवत नाही. आपल्या आज्या मीठ हात राखून घालत नव्हत्या, ते बरोबरच होतं. धोका आहे तो कमी मिठाच्या, बिनआंबट, हवाबंद वस्तूंना. नुसत्या तेलात बुडवून बाहेर ठेवलेली लसूण, उकडून डब्यात बंद केलेले कोंब, मका, शेंगा, कंद. वरचं तेल हवा अडवतं, जंतू मारत नाही. १९८५ साली कॅनडातल्या व्हँकूवर शहरात एका हॉटेलातल्या तेलातल्या लसणीनं ३६ जण आजारी पडले होते. विक्रीसाठी असं काही करायचं असेल तर आंबटपणा मोजून घ्या. पीएच ४.६ च्या खाली असायला हवा. प्रशिक्षणाशिवाय नवा पदार्थ डब्यात बंद करू नका. फुगलेला, गळका, उघडताना फस्सकन उडणारा डबा टाकून द्या. चव घेऊन बघू नका. वास चांगला आहे म्हणून विश्वास ठेवू नका, या विषाला वास नसतो. घरचं डबाबंद अन्न खाण्याआधी १० मिनिटं खळखळ उकळलं तर विष मोडतं.

मागच्या आठवड्यात आम्ही त्या आजींच्या ओसरीवर जाऊन आलो. हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाळंतिणीला जसं सव्वा महिना सांभाळतो, तसं याला वर्षभर सांभाळायचं." आम्ही म्हटलं, हो आजी, तसंच. मग त्यांनी फडताळातून एक बाटली काढली. तेलात लसूण होती, लेकीसाठी करून ठेवलेली. आमच्यासमोरच त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांधली, टाकून दिली आणि हात साबणानं धुतले. लेकीला आता त्या कोरडी लसणीची चटणी धाडणार आहेत.

तुमच्याही फडताळात एकदा बघून घ्या.